‘नो सच टेबल’: जँगोमधलं हरवलेलं टेबल कसं शोधायचं

मागच्या वेळी आपण जँगोमध्ये मॉडेल कसं लिहायचं ते पाहिलं. त्यानंतर जे प्रश्न आले त्यातल्या बऱ्याच प्रश्नांचा सूर एकच होता. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, सर्व्हर सुरू झाला, ब्राउझरमध्ये पान उघडलं, आणि समोर आलं ‘ऑपरेशनल एरर, नो सच टेबल’. म्हणजे असं टेबलच नाही. आजचं सगळं व्याख्यान या एका ओळीवर आहे.

सुरुवातीला एक छोटी सूचना. हे बोललेलं व्याख्यान आहे, त्यामुळे कमांड आम्ही उच्चारतो तशाच देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची. जँगोच्या प्रत्येक कमांडच्या आधी ‘पायथन मॅनेज डॉट पीवाय’ हे असतंच, ते दर वेळी म्हणत बसत नाही.

उदाहरण म्हणून एक वाचनालय घेऊ. प्रकल्पात ‘ग्रंथालय’ नावाचं अ‍ॅप आहे आणि त्यात तीन मॉडेल आहेत: पुस्तक, सभासद आणि अनामत. हे उदाहरण आम्ही उगाच निवडलेलं नाही.

आधी आमची चूक

काही वर्षांपूर्वी आम्ही तिघाचौघांनी मिळून एका छोट्या वाचनालयासाठी असाच प्रकल्प करून दिला होता. डेटाबेस एसक्यूलाइटचा, म्हणजे एकच फाइल. सभासदांची नावं, कुणाकडे कोणतं पुस्तक आहे, कुणाची किती अनामत जमा आहे, सगळं त्या एका फाइलीत. एका संध्याकाळी वाचनालयातून फोन आला की पान उघडत नाही. पाहिलं तर हीच एरर. टेबल नाही.

आमच्यातल्या एकाने घाईघाईत तोच उपाय केला जो नवशिक्यांना सगळीकडे सांगितला जातो. डेटाबेसची फाइल उडवा, मायग्रेशनच्या फाइली उडवा, आणि पहिल्यापासून सुरू करा. त्याने प्रकल्पाच्या फोल्डरमधली फाइल उडवली, नवी मायग्रेशन बनवली, चालवली. सगळं व्यवस्थित झाल्याचा संदेश आला. पान पुन्हा उघडलं तर एरर जशीच्या तशी!

मग शांतपणे शोध घेतला तेव्हा खरं कारण कळलं. त्याच दिवशी सकाळी सर्व्हर सुरू करायची पद्धत बदलली होती, आणि प्रोग्रॅम आता वेगळ्या फोल्डरमधून सुरू होत होता. तिथे त्याला त्या नावाची फाइल सापडली नाही, म्हणून एसक्यूलाइटने तिथेच त्या नावाची नवी, रिकामी फाइल बनवली होती. सगळा डेटा असलेली खरी फाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये सुखरूप होती. तीच आम्ही उडवली. बॅकअप नव्हता. वाचनालयाच्या बाईंनी पावतीपुस्तकं जपून ठेवली होती म्हणून अनामतीचा हिशोब परत उभा करता आला. ते सगळं पुन्हा भरायला तीन आठवडे लागले. त्या काळात कुणाकडे कोणतं पुस्तक आहे ते लोकांना विचारूनच लिहून घ्यावं लागलं.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. टेबल नाही असं कॉम्प्युटर म्हणाला, की त्याला आधी विचारायचं: ‘तू बघतोयस कुठे, आणि तुला कुणी सांगितलं?’ उत्तर मिळेपर्यंत काहीही उडवायचं नाही.

विहीर कागदावरची आणि विहीर शेतातली

आता मूळ मुद्दा. एखादं टेबल ‘आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा जँगोच्या जगात ती गोष्ट चार ठिकाणी असते.

पहिलं ठिकाण म्हणजे मॉडेल. आपण पायथनमध्ये लिहिलेला क्लास. ही आपली इच्छा झाली: मला असं टेबल हवं आहे.

दुसरं ठिकाण म्हणजे मायग्रेशनची फाइल. ‘मायग्रेशन्स’ नावाच्या फोल्डरमधली ‘००००१’ नव्हे, चार अंकी ‘०००१ इनिशियल’ वगैरे नावाची फाइल. ही झाली बांधकामाची लेखी सूचना.

तिसरं ठिकाण म्हणजे नोंदवही. जँगो डेटाबेसमध्येच स्वतःचं एक टेबल ठेवतो, ‘जँगो अंडरस्कोर मायग्रेशन्स’ नावाचं. त्यात अ‍ॅपचं नाव, मायग्रेशनचं नाव आणि ते कधी लागू झालं ती वेळ, एवढंच असतं.

आणि चौथं ठिकाण म्हणजे खुद्द टेबल, डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष उभं असलेलं.

आता मजा बघा. ‘मेकमायग्रेशन्स’ ही कमांड पहिल्या आणि दुसऱ्या ठिकाणाची तुलना करते. मॉडेल आणि मायग्रेशनच्या फाइली यांत फरक दिसला तर नवी फाइल लिहिते. ‘मायग्रेट’ ही कमांड दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणाची तुलना करते. फाइल आहे पण नोंदवहीत नोंद नाही, तर ती फाइल चालवते आणि नोंद करते. नोंद आधीच असेल तर काही करत नाही, ‘लागू करण्यासारखं काही नाही’ असं सांगून मोकळी होते.

म्हणजे काय झालं? चौथ्या ठिकाणी, प्रत्यक्ष टेबल आहे का नाही, हे या दोघींपैकी एकही सहसा डोकावून बघत नाही. सरकारी कागदावर विहीर आहे, अनुदान दिल्याची नोंद आहे, आणि शेतात जाऊन पाहिलं तर विहीर नाही, हा किस्सा आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. जँगोचं अगदी तसंच होतं. शेतात पहिल्यांदा कोण जातं? आपलं पान. ते टेबलला प्रश्न विचारायला जातं आणि परत येऊन ओरडतं, की विहीर चोरीला गेली!

जँगो असा का वागतो, याला इतिहास आहे. जँगोचा जन्म अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला आणि २००५ साली तो सर्वांसाठी खुला झाला. तेव्हा ‘सिंकडीबी’ नावाची कमांड होती. ती सरळ डेटाबेसमध्ये बघायची आणि जे टेबल नसेल ते बनवायची. पण एकदा बनलेल्या टेबलला हात लावायची नाही. मॉडेलमध्ये नवा रकाना टाकला तर तो आपणच हाताने घालायचा. ही अडचण सोडवायला अँड्र्यू गॉडविन यांनी ‘साउथ’ नावाचं वेगळं साधन लिहिलं. पुढे त्यांनीच लोकवर्गणीच्या बळावर मायग्रेशनची व्यवस्था जँगोच्या पोटात आणली, आणि २०१४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या १.७ आवृत्तीपासून ती सोबतच मिळू लागली. टेबलं नुसती बनवायची नाहीत, टप्प्याटप्प्याने बदलायचीही आहेत, म्हटल्यावर कुठपर्यंत आलो हे लिहून ठेवणं भाग होतं. म्हणून नोंदवही आली. सोय मोठी झाली. पण नोंदवही आणि प्रत्यक्ष यांत फरक पडण्याची शक्यताही तिच्याबरोबर आली.

तेव्हा हरवलेलं टेबल शोधायचं म्हणजे या चार ठिकाणांपैकी कोणत्या दोन ठिकाणांचं आपसात जुळत नाही, ते शोधायचं. आता क्रमाने जाऊ.

पहिली पायरी: एरर शेवटपर्यंत वाचा

एररमध्ये टेबलचं नाव असतं, आणि त्या नावातच अर्धं उत्तर असतं. एसक्यूलाइट म्हणतो ‘नो सच टेबल’ आणि पुढे नाव. पोस्टग्रेस म्हणतो ‘रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट’. मायएसक्यूएल तर टेबलच्या आधी डेटाबेसचंही नाव सांगतो, ही त्याची मेहेरबानी. ते नाव नक्की वाचा, कारण कधीकधी तिथेच कळतं की आपण भलत्याच डेटाबेसला जोडलेलो आहोत.

टेबलचं नाव जँगो कसं बनवतो? अ‍ॅपचं नाव, अंडरस्कोर, मग मॉडेलचं नाव लहान लिपीत. म्हणजे आपलं ‘ग्रंथालय अंडरस्कोर सभासद’.

आता बघा, हरवलेलं टेबल ‘ऑथ यूझर’ किंवा ‘जँगो सेशन’ असेल, तर ही टेबलं आपली नाहीत, जँगोची स्वतःची आहेत. तीच नसतील तर एक तर या डेटाबेसवर मायग्रेट कधी चाललेलंच नाही, नाही तर आपण रिकाम्या डेटाबेसकडे बघतोय. पण ती टेबलं आहेत आणि फक्त ‘ग्रंथालय सभासद’ नाही, तर दोष आपल्या अ‍ॅपच्या मायग्रेशनमध्ये शोधायचा. आणि एरर ‘नो सच कॉलम’ अशी असेल तर टेबल जागेवर आहे, फक्त एखादा रकाना राहिलाय. तिथे टेबल शोधत बसू नका.

दुसरी पायरी: आपण कोणत्या डेटाबेसकडे बघतोय?

आमची चूक याच पायरीवर झाली, म्हणून ही सगळ्यात आधी तपासायची.

एसक्यूलाइटचा स्वभाव असा की सांगितलेल्या जागी फाइल नसेल तर तो तक्रार करत नाही, गुपचूप नवी बनवतो. सेटिंग्जमध्ये डेटाबेसचं नाव नुसतं ‘डीबी डॉट एसक्यूलाइट३’ असं लिहिलं असेल, तर तो पत्ता अर्धवट आहे. प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू होईल तिथे ती फाइल शोधली जाते. आज या फोल्डरमधून, उद्या त्या. म्हणून पत्ता नेहमी पूर्ण द्यायचा. नवा प्रकल्प बनवताना जँगो स्वतःच ‘बेस डिर’च्या पुढे फाइलचं नाव जोडून देतो, ते याचसाठी. तो भाग सुटसुटीत दिसावा म्हणून काढून टाकू नका.

तपासायचं कसं? ‘शेल’ कमांड चालवा. ‘जँगो डॉट डीबी’मधून ‘कनेक्शन’ आयात करा आणि ‘कनेक्शन डॉट सेटिंग्ज डिक्ट’मधलं ‘नेम’ छापून बघा. ज्या फाइलीचा किंवा डेटाबेसचा पत्ता येईल तो खरा. मग ‘कनेक्शन डॉट इंट्रोस्पेक्शन डॉट टेबल नेम्स’ हे फंक्शन बोलवा. त्या डेटाबेसमध्ये प्रत्यक्ष असलेल्या टेबलांची यादी येते. ही झाली शेतात जाऊन विहीर बघणं. फाइल असेल तर तिचा आकारही बघा. शून्य बाइट दिसलं की समजायचं, ही आत्ताच जन्मलेली रिकामी फाइल आहे.

पण इथे एक खाच आहे. शेलमध्ये आपण जो डेटाबेस बघतो तोच वेबसाइट बघत असेल असं नाही. शेल चालतो मॅनेज डॉट पीवायमधून, आणि सर्व्हरवर वेबसाइट चालते डब्ल्यूएसजीआयच्या फाइलमधून. कोणती सेटिंग्ज वापरायची हे दोन्ही फाइलींत वेगवेगळं लिहिलेलं असू शकतं. शिवाय पासवर्ड आणि डेटाबेसचं नाव बाहेरून, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून येत असेल, तर आपल्या टर्मिनलमध्ये एक आणि सर्व्हिसला दुसरं, असंही होतं. शंका आली तर तेच ‘नेम’ वेबसाइट सुरू होताना लॉगमध्ये छापून घ्या. पासवर्ड मात्र छापू नका.

डॉकर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक. डेटाबेसची फाइल कंटेनरच्या आतच असेल आणि तिच्यासाठी व्हॉल्यूम जोडलेला नसेल, तर कंटेनर काढून नवा बनवला की फाइल गेली. मग दर नव्या आवृत्तीबरोबर टेबलं ‘हरवतात’. तिथे मायग्रेशनचा काही दोष नाही.

तिसरी पायरी: नोंदवही उघडा

डेटाबेस बरोबर आहे याची खात्री झाली, की ‘शोमायग्रेशन्स’ चालवा. प्रत्येक अ‍ॅपखाली मायग्रेशनची यादी येते आणि प्रत्येकापुढे चौकट. चौकटीत फुली म्हणजे लागू झाल्याची नोंद आहे. ही फुली नोंदवहीतली आहे, शेतातली नाही, हे विसरू नका. इथे चार शक्यता असतात.

पहिली, चौकट रिकामी आहे. मग सोपं आहे. फाइल तयार आहे, चालवलेली नाही. ‘मायग्रेट’ चालवा. नव्या प्रकल्पात ‘रनसर्व्हर’ सुरू करताना १८ मायग्रेशन लागू व्हायची राहिली आहेत असा लाल इशारा अलीकडच्या आवृत्त्यांत येतो. तो इशारा आपण सगळे वाचतो आणि पुढे जातो. पुढे जायचं नाही.

दुसरी, आपलं अ‍ॅप यादीतच नाही. मग बहुधा सेटिंग्जमधल्या ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’मध्ये ते लिहायचं राहिलंय. जँगोला अ‍ॅपची ओळखच नाही, तर तो त्याची टेबलं कुठून बनवणार?

तिसरी, अ‍ॅप आहे पण खाली ‘नो मायग्रेशन्स’ लिहिलंय. म्हणजे त्याची एकही मायग्रेशन फाइल जँगोला सापडलेली नाही. मायग्रेशन्स नावाचा फोल्डर किंवा त्यातली ‘इनिट’ची फाइलच नसेल, तर नुसतं ‘मेकमायग्रेशन्स’ म्हटल्यावर ‘काही बदल आढळला नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस चक्रावतो. आत्ता तर मॉडेल लिहिलं, मग बदल नाही कसा? उपाय असा: अ‍ॅपचं नाव सांगून विचारा. ‘मेकमायग्रेशन्स ग्रंथालय’. मग फोल्डर आणि फाइल दोन्ही बनतात.

‘काही बदल आढळला नाही’ याचं आणखी एक कारण असतं. मॉडेल वाढली म्हणून आपण एका फाइलऐवजी ‘मॉडेल्स’ नावाचा फोल्डर करतो आणि त्यात सभासद, अनामत अशा वेगळ्या फाइली ठेवतो. त्या फोल्डरच्या इनिट फाइलमध्ये ही मॉडेल आयात केली नाहीत, तर मेकमायग्रेशन्सला ती दिसतच नाहीत. पण नंतर एखाद्या व्ह्यूने थेट त्या फाइलमधून मॉडेल आयात केलं तर पान मात्र टेबल मागतं.

चौथी शक्यता सगळ्यात त्रासाची. फुली आहे, पण टेबल नाही. कागदावरची विहीर. हे कसं होतं? कधी कुणीतरी ‘मायग्रेट’ला ‘--फेक’ लावून चालवलेलं असतं. फेकचा अर्थच असा, की काम करू नको, फक्त नोंद कर. कधी कुणी हाताने टेबल उडवलेलं असतं. कधी अर्धवट बॅकअपवरून डेटाबेस उभा केलेला असतो, नोंदवही आली आणि टेबल राहिलं. आणि कधी मायग्रेशनच्या सगळ्या फाइली उडवून नव्या बनवलेल्या असतात. हे शेवटचं नीट समजून घ्या. नव्या फाइलचं नाव पुन्हा ‘०००१ इनिशियल’च येतं. नोंदवहीत त्या नावाची नोंद जुनीच आहे. मायग्रेट नाव बघतं, नोंद बघतं, आणि म्हणतं, हे झालंय की! फाइलच्या आत काय बदललं ते बघत नाही.

मग दुरुस्ती कशी करायची? आधी बॅकअप. पोस्टग्रेस असेल तर ‘पीजी डंप’, मायएसक्यूएल असेल तर ‘मायएसक्यूएल डंप’, एसक्यूलाइट असेल तर वेबसाइट थांबवून फाइलची प्रत. बॅकअप झाल्याशिवाय पुढचं वाक्य ऐकू नका.

त्या अ‍ॅपचं एकही टेबल डेटाबेसमध्ये नसेल, तर नोंदच पुसायची. ‘मायग्रेट ग्रंथालय झीरो --फेक’ म्हटलं की टेबलांना हात न लावता त्या अ‍ॅपच्या नोंदी निघून जातात. मग साधं ‘मायग्रेट ग्रंथालय’. पण त्याआधी तीच कमांड ‘--प्लॅन’ लावून चालवा आणि काय काय होणार ते वाचा. दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपची मायग्रेशन ग्रंथालयवर अवलंबून असतील, तर झीरोला जाताना त्यांच्याही नोंदी निघतात. आणि त्यांची टेबलं तर जागेवर असतात. म्हणजे एक भोक बुजवताना दुसरं पाडल्यासारखं होतं.

काही टेबलं आहेत आणि एखादंच नाही, अशी स्थिती असेल तर झीरोच्या वाटेला जाऊ नका. नोंदी पुसून मायग्रेट चालवलं की ‘टेबल आधीच आहे’ म्हणून ते मध्येच थांबेल. इथे आम्ही एक युक्ती वापरतो. सेटिंग्जची एक प्रत करून तिच्यात वेगळ्या, रिकाम्या डेटाबेसचा पत्ता द्यायचा आणि त्याच्यावर सगळी मायग्रेशन पहिल्यापासून चालवायची. तिथे आपलं हरवलेलं टेबल त्याच्या शेवटच्या, योग्य रूपात तयार होतं. त्या टेबलची ‘क्रिएट टेबल’ आज्ञा तिथून उचलायची आणि खऱ्या डेटाबेसवर चालवायची. एसक्यूलाइटमध्ये ‘डॉट स्कीमा’ने ती मिळते, पोस्टग्रेसमध्ये पीजी डंपला फक्त रचना मागितली की मिळते. एखादं मायग्रेशन नेमकं काय करतं हे वाचायचं असेल तर ‘एसक्यूएलमायग्रेट’ ही कमांड आहेच. ती काही बदलत नाही, फक्त दाखवते.

आणि एक कडू सत्य. अशा रीतीने टेबल परत येतं, त्यातल्या ओळी येत नाहीत. सभासदांची नावं बॅकअपमधूनच येतील. बॅकअप नसेल तर पावतीपुस्तकातून!

चौथी पायरी: टेबल आहे, तरी जँगोला दिसत नाही

क्वचित असंही होतं की आपण डेटाबेसच्या साधनातून टेबल डोळ्यांनी बघतो आणि जँगो म्हणतो नाही.

पोस्टग्रेसमध्ये एकाच डेटाबेसच्या आत स्कीमा नावाचे कप्पे असतात. टेबल एका कप्प्यात आणि जोडणीचा ‘सर्च पाथ’ दुसऱ्या कप्प्याकडे, अशी गत झाली की टेबल असून नसल्यासारखं.

मायएसक्यूएलमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ होतो. विंडोजवर सहसा टेबलच्या नावात कॅपिटल अक्षर असलं काय नि नसलं काय, चालतं. लिनक्सवर सहसा चालत नाही. जुन्या डेटाबेसला जोडताना आपण ‘डीबी टेबल’ म्हणून कॅपिटल अक्षराचं नाव दिलं, लॅपटॉपवर सगळं चाललं आणि सर्व्हरवर टेबल हरवलं, तर आधी स्पेलिंगमधली अक्षरं बघा.

प्रकल्पात दोन डेटाबेस असतील, तर ‘मायग्रेट’ फक्त ‘डीफॉल्ट’वर काम करतं. दुसऱ्यासाठी ‘--डेटाबेस’ लावून वेगळं चालवावं लागतं. आणि राउटरने एखाद्या मॉडेलला त्या डेटाबेसवर मनाई केली असेल, तर जँगो ते टेबल मुकाट्याने वगळतो आणि नोंद मात्र करतो. पुन्हा तीच कागदावरची विहीर, आणि या खेपेला कुणी चूकही केलेली नाही.

तसंच मॉडेलच्या ‘मेटा’मध्ये ‘मॅनेज्ड’ हे ‘फॉल्स’ असेल तर त्याचा अर्थ, हे टेबल दुसरं कुणीतरी सांभाळतंय, जँगोने बनवायचं नाही. जुन्या डेटाबेसवरून ‘इन्स्पेक्टडीबी’ने मॉडेल तयार करून घेतली की ही ओळ आपोआप आलेली असते. ती प्रकल्पात तशीच राहते आणि नव्या डेटाबेसवर टेबलच बनत नाही.

पाचवी पायरी: खुद्द मायग्रेटच एरर देतं

हा प्रकार अगदी बुचकळ्यात टाकणारा. टेबल नाही म्हणून आपण मायग्रेट चालवतो, आणि मायग्रेटच म्हणतं की टेबल नाही. अरे, तेच बनवायला तर तुला बोलावलंय!

कारण असं. कमांड सुरू होताना जँगो आपला प्रकल्प तपासतो, त्यासाठी यूआरएलची फाइल वाचतो. ती व्ह्यूज आयात करते, व्ह्यूज फॉर्म आयात करतात. आणि एखाद्या फॉर्ममध्ये, क्लासच्या अंगातच, आपण सगळ्या सभासदांची यादी डेटाबेसमधून काढून पर्याय म्हणून भरलेली असते. ती ओळ फाइल वाचतानाच चालते. म्हणजे घर बांधण्याआधीच कुणीतरी दार वाजवायला जातं. ज्याच्याकडे टेबल आधीपासून आहे त्याला ही चूक कधी दिसतच नाही. प्रकल्पात नव्याने येणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर पहिल्याच दिवशी दिसते आणि त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

उपाय म्हणजे तो प्रश्न फंक्शनच्या आत न्यायचा. फॉर्मच्या ‘इनिट’मध्ये यादी भरा, किंवा पर्यायांच्या जागी फंक्शन द्या, किंवा ‘मॉडेल चॉइस फील्ड’ वापरा. ते गरज पडेपर्यंत डेटाबेसला हाक मारत नाही. अ‍ॅपच्या ‘रेडी’मध्येही डेटाबेसला प्रश्न विचारू नका. जँगोचं दस्तऐवजही हेच सांगतं.

श्रोत्यांचे प्रश्न

पहिला प्रश्न असा आला, की नवशिक्यांनी सगळं उडवून पहिल्यापासून सुरू केलं तर बिघडतं कुठे? आमचं उत्तर: स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःचा सराव चालू असताना, डेटाबेसमध्ये जपण्यासारखं काही नसेल तर काहीच बिघडत नाही. खुशाल उडवा. मात्र डेटाबेस आणि मायग्रेशन दोन्ही एकत्र उडवा, एकच उडवलं तर जुळणी बिघडते. फोल्डरमधली इनिट फाइल तेवढी ठेवा. पण हाताला जी सवय लागते ती सर्व्हरवरही लागते. म्हणून आम्ही म्हणतो, सरावातही आधी कारण शोधा, मग हवं तर उडवा.

दुसरा प्रश्न: सर्व्हरवर मेकमायग्रेशन्स चालवावं का? नको. मायग्रेशनच्या फाइली हा कोडचाच भाग आहे. त्या आपल्या कॉम्प्युटरवर बनवायच्या, वाचायच्या, गिटमध्ये घालायच्या आणि सर्व्हरवर फक्त मायग्रेट चालवायचं. काही जण गिटच्या वगळायच्या यादीत मायग्रेशन्स फोल्डर टाकतात. मग प्रत्येकाकडे वेगळी फाइल, त्याच नावाची, आत निराळी. पुढे टेबलं हरवली तर नवल काय?

तिसरा प्रश्न: हे आधीच कळायची काही सोय आहे का? आहे. ‘मेकमायग्रेशन्स --चेक’ हे मॉडेल बदललं पण फाइल बनवली नाही असं असेल तर अपयशाचा कोड देऊन थांबतं. ‘मायग्रेट --चेक’ हे फाइल आहे पण लागू केली नाही असं असेल तर थांबतं. नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवण्याच्या प्रक्रियेत या दोन्ही ओळी घाला. मात्र या दोन्ही कागद तपासतात. शेतात जाऊन बघायचं काम तुमचंच, टेबलांची यादी छापून.

शेवटी

थोडक्यात क्रम पुन्हा सांगतो. एररमधलं नाव वाचा. कोणता डेटाबेस ते विचारा. प्रत्यक्ष टेबलांची यादी बघा. मग नोंदवही बघा, मग फाइली, मग मॉडेल. जिथे दोन गोष्टी जुळत नाहीत तिथे दोष आहे. आणि यातल्या एकाही पायरीला काही उडवावं लागत नाही, हे लक्षात घ्या. बघण्याने काही बिघडत नसतं.

त्या वाचनालयाचा प्रकल्प अजून चालू आहे. आता रोज रात्री डेटाबेसची प्रत दुसऱ्या जागी जाते, आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून बघितली जाते, कारण न उघडलेला बॅकअप म्हणजे पुन्हा कागदावरचीच विहीर. बाई मात्र अजूनही पावतीपुस्तक बंद करायला तयार नाहीत. आम्हीही आता आग्रह करत नाही.

पुढच्या व्याख्यानात दोघांनी एकाच वेळी मायग्रेशन बनवली तर होणारा गोंधळ कसा निस्तरायचा ते पाहू. तोवर आपापल्या प्रकल्पात शोमायग्रेशन्स चालवून एकदा यादी वाचून ठेवा.